विहीणबाईंचा होकार, सहाच्या आत

विहीणबाईंना एका दिवसात बिल्बाओ दाखवायचं, चार चांगलेचुंगले पदार्थ खाऊ घालायचे आणि संध्याकाळी सहाच्या आत त्यांचा होकार घ्यायचा, एवढंच काम होतं. एवढंच, असं मी त्या सोमवारी दुपारपर्यंत म्हणत होते.

होकार हवा होता तो लग्नाच्या जागेला. आमचा एनेको दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला होता, तेव्हा मी बेगोन्याच्या माउलीला, म्हणजे आमच्या टेकडीवरच्या मारियामातेला, बोलले होते की याला बरा कर, याचं लग्न तुझ्याच पायाशी लावीन. माउलीने आपला शब्द चार दिवसांत पाळला. माझ्या शब्दाला एकतीस वर्षं लागली, कारण एनेकोला मुलगीच पसंत पडत नव्हती. अखेर पडली ती बुर्गोसची, लेओनोर. आता लग्न मुलीच्या गावी लागतं ही रीत, आणि मुलीच्या गावात असं कॅथेड्रल की त्याच्यापुढे आमच्या माउलीचं देऊळ म्हणजे घरातला देव्हारा. मुलं दोघंही माद्रिदला नोकरीत. लेओनोर म्हणाली, "आम्हाला कुठेही चालेल. माझी आई स्वतः बेगोन्याला येऊन नाव नोंदवणार असेल, तर बेगोन्या." देवळाच्या ऑफिसातल्या बाईंनी सप्टेंबरातला एकुलता एक मोकळा शनिवार माझ्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवला. त्याच शुक्रवारी विहीणबाई सकाळच्या बसने येणार होत्या आणि साडेसातच्या बसने परत जाणार होत्या.

आमच्या जिन्यात कुणाला काही सांगावं लागत नाही. मी फक्त दुसऱ्या मजल्यावर नेकानेकडे छत्री मागायला गेले होते.

"बुर्गोसची का विहीण?" नेकाने म्हणाली. "मग एक ऐक. तिला चर्च दाखवू नकोस. हरशील."

"अगं, पण सगळं चर्चसाठीच तर चाललंय."

"मग शेवटी दाखव. आधी पाणी दाखव. त्यांच्या नदीत बदकंसुद्धा चालत जातात."

आम्ही जिन्यात बोलत होतो, ते चौथ्या मजल्यावरच्या अन्सेल्मोकाकांनी ऐकलं. काका बंदरातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण बोटी वेळेवर सोडायची सवय गेली नाही. तासाभरात त्यांनी एक वेळापत्रक आणून दिलं. ९.४० बस. ९.५२ कॉफी. १०.१५ फुलांचा कुत्रा. १०.३५ नदी, अलीकडून. १०.५० नदी, पलीकडून. ११.२० आर्चांदाचा डोंगर.

"काका, दुपारच्या प्रार्थनेला वेळ नाही ठेवलात," मी म्हटलं.

काकांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीने मध्ये बसवलं: १२.०० ते १२.०३, देव.

चोमिनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मत वेगळं होतं. "बघायचं काय त्यात? पोट भरलेला माणूस कधी नाही म्हणत नाही. दुपारी तिला मंडळात घेऊन ये. मी कॉडचं पिल-पिल करतो."

चोमिनचं मंडळ म्हणजे चौदा पुरुष, एक तळघर, एक लांब टेबल आणि एक ओटा. तिथे पुरुष रांधतात, बायकांना कधीमधी जेवायला बोलावतात, पण ओट्याचं सोवळं असं कडक की बायकांनी तिकडे पाऊल टाकायचं नाही. जमिनीवर लाल फरशांची एक ओळ आहे. तिच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. घरी ज्याला मीठ कुठल्या डब्यात असतं ते ठाऊक नाही, तो माणूस तिथे चाळीस वर्षं खारवलेला कॉड मासा रांधतोय आणि चांगला रांधतोय, हे माझ्या संसारातलं एक गूढ आहे.

पण शुक्रवारी दुपारी बायका, असं मंडळाच्या घटनेत बसत नव्हतं. बायकांसाठी शनिवार संध्याकाळ. अध्यक्ष साबिन, हा चाळीस वर्षं सरकारी कचेरीत होता. त्याने चोमिनकडून अर्ज घेतला, अर्जाला जोडपत्र मागितलं, जोडपत्रात 'विहीण' हे नातं कसं लागतं त्याचा खुलासा मागितला आणि मंगळवारी सभा बोलावली. दोन तास चर्चा होऊन आठ विरुद्ध पाच मतांनी ठराव झाला: दोन महिला, एक वेळ, लाल ओळीच्या अलीकडे. चौदावा सदस्य झोपला होता. त्याचं मत तटस्थ धरलं.

आता माझ्या नेमांविषयी दोन शब्द. फार नाहीत. रोज सकाळी मायोनाच्या तीनशेवर पायऱ्या चढून माउलीकडे आठची मिस्सा-प्रार्थना, संध्याकाळी रोझरीची माळ, शुक्रवारी बारापर्यंत तोंडात पाणी सोडून काही नाही, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य, गोड तर चाळीस दिवस बंद. मी हे कुणाला सांगत नाही. जिन्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, ते त्यांचं त्यांना.

विहीणबाईंचा आवाज बस थांबायच्या आधीच काचेतून ऐकू आला. कासिल्दाबाईंनी तीस वर्षं एका शाळेच्या जेवणघरात तीनशे मुलं आवरली. त्यांचं 'नमस्कार'देखील मागच्या रांगेपर्यंत पोचतं. माझा आवाज लहानपणापासून बेताचा. कबुलीच्या वेळी पाद्रीसुद्धा मला 'काय?' म्हणतात.

उंच, भक्कम बाई, अंगावर काळा कोट, पायात नवे कोरे बूट. यजमान जाऊन पाच वर्षं झाली. उतरल्याबरोबर त्यांनी मला दोन्ही गालांवर पापे दिले आणि हातात एक जड पिशवी दिली.

"घ्या! खास तुमच्यासाठी! बुर्गोसची मोर्सिया! भात घातलेली, आज सकाळची ताजी!"

मोर्सिया म्हणजे डुकराच्या रक्ताची भरलेली आतडी. वास असा की शेजारून जाणाऱ्या दोन माणसांनी माना वळवल्या. बोलायची माझी पद्धतच नाही. पण माझा चेहरा मी म्हणते तेवढा मऊ नसावा, कारण विहीणबाई एकदम थांबल्या.

"आज शुक्रवार," त्या म्हणाल्या.

"हो."

"उपवासकाळातला."

"तिसरा," मी म्हटलं. माहिती म्हणून.

त्यांच्या गालांवर लाली चढली. "मी विसरले नव्हते हं! ही उद्यासाठी आहे!"

"उद्यासाठीच तर," मी म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावली. सगळा घोटाळा तिथे सुरू झाला, पण ते मला संध्याकाळी पाच वाजता कळलं.

कॉफी त्यांनी नको म्हटली. मी घेणारच नव्हते. त्यामुळे आम्ही काकांच्या वेळापत्रकाच्या बारा मिनिटं पुढे होतो.

फुलांचा कुत्रा म्हणजे गुगेनहाइम संग्रहालयाच्या दारातला तो दुमजली कुत्रा, आतून लोखंड, बाहेरून फुलझाडं. विहीणबाईंनी मान वर करून पाहिलं. "याला पाणी कोण घालतं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता. मी विचार करत उभी असताना एका म्हाताऱ्या बाईंचा खराखुरा कुत्रा, वीतभर उंचीचा, माझ्या खांद्यावरच्या पिशवीखाली येऊन बसला आणि वर बघू लागला. बाईंनी दोरी ओढली. कुत्रा सरकला, पण बसलेलाच.

"पेलायो! लाज नाही वाटत?" बाई म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून, "काय आहे हो पिशवीत?"

आता उपवासकाळाच्या शुक्रवारी भर रस्त्यात मी काय सांगायचं होतं? "पुस्तकं," मी म्हणाले. खोटं बोलले. माळेचा एक फेरा वाढला. पेलायो नदीच्या पुलापर्यंत आमच्या मागे आला, आणि त्याच्या मागे त्या बाई.

आर्चांदाच्या डोंगरावर आम्ही रुळांवरच्या गाडीने चढलो. वर पोचलो तर समोर पांढरं. नुसतं पांढरं. शहर नाही, नदी नाही, काही नाही. खाली भुरभुर होती, तिचं वर धुकं झालं होतं. काकांनी इथे वीस मिनिटं ठेवली होती आणि मी वीस मिनिटं दाखवलं.

"तिथे गुगेनहाइम," मी बोटाने म्हणाले. "तिथे नदीचं वळण. आणि हे बघा, बरोबर माझ्या बोटासमोर, बेगोन्या."

विहीणबाईंनी माझ्या बोटासमोर प्रामाणिकपणे बराच वेळ पाहिलं.

"आमचं कॅथेड्रल धुक्यातही दिसतं," त्या म्हणाल्या.

खाली येताना गाडीत बारा वाजले. मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. शेजारून विहीणबाईंनी मोठ्याने सुरू केली. गाडीतल्या दोन जर्मन पर्यटकांनी टोप्या काढल्या. एका मुलीने कानातलं गाणं बंद केलं. संपल्यावर कुणीतरी 'आमेन' म्हणालं. मी इतकी वर्षं बारा वाजता प्रार्थना करते, मला कधी कुणी आमेन म्हटलेलं नाही. मनात असूया येऊ देऊ नये. मी येऊ दिली नाही. ती आपणच आली.

मग जुन्या गावात, प्लासा नुएवाच्या कमानींखाली. इथे खरं काम होतं. बारच्या काउंटरवर ताटांमागून ताटं लागलेली: पावाच्या चकतीवर अँचोवी, जैतून-मिरची-अँचोवीची काडीला टोचलेली हिल्दा, बटाट्याचं जाड ऑम्लेट, कॉडचे क्रोकेट, खेकड्याचं सारण. उभ्याने एक घास खायचा, एक घोट प्यायचा आणि पुढच्या बारात जायचं. बसणं आमच्याकडे नाही. जी चार स्टुलं असतात, त्यांवर ठरलेले म्हातारे सकाळपासून असतात. बारा वाजून गेले होते. पोटात माझ्या अक्षरशः कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मी हिल्दाकडे हात नेला.

"घ्या ना, विहीणबाई."

विहीणबाईंनी दोन्ही हात पर्सवर घट्ट ठेवले. "तुम्ही घ्या. माझं काही नाही."

"यात मांस नाही हं. मासळी आहे."

"असू दे. शुक्रवारी मी..." आणि त्यांनी हवेत हात असा काही फिरवला की त्यात सगळे संत येऊन गेले.

माझा हात हिल्दाच्या वर थांबला. म्हणजे ही बाई शुक्रवारी दिवसभर काहीच घेत नाही? आणि मी, बिल्बाओची, नवस बोललेली, तिच्या डोळ्यांदेखत बारा वाजून वीस मिनिटांनी हिल्दा खाणार? मी हात मागे घेतला.

"माझंही काही नाही," मी म्हणाले. "मी तुमच्यासाठीच म्हणत होते."

दोन ग्लास पाणी घेतलं. पुढच्या बारात पुन्हा तेच. "घ्या ना." "आधी तुम्ही." "छे, पाहुण्यांनी आधी." "छे, घरच्यांनी आधी." गरम क्रोकेटचं ताट आमच्या दोघींच्या मधून गेलं आणि आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहून पापणीही हलवली नाही. मी मनात माळ धरली होती. विहीणबाई बहुधा छताच्या तुळया मोजत होत्या.

तिसऱ्या बारचा मालक मला तीस वर्षं ओळखतो. "इत्सिआर, बरं आहे ना सगळं?" तो काउंटरवरून वाकून म्हणाला. "दोन बायका माझ्या बारातून नुसतं पाणी पिऊन गेल्या, तर मी उद्या फळी कुठल्या तोंडाने उघडू?"

"उपास आहे," मी म्हणाले.

"काय?"

"उपास आहे!" विहीणबाई म्हणाल्या. सगळा बार चिडीचूप झाला. एका माणसाने हॅमचा पाव तोंडापाशी नेलेला खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून पुन्हा उचलला.

एव्हाना त्यांचे नवे बूट चावायला लागले होते. दर दहा पावलांनी त्या एखादं दुकान न्याहाळायला थांबत. एकदा त्या नळाच्या सामानाचं दुकान पाच मिनिटं न्याहाळत होत्या. मला ते कळत होतं, पण बसायचं म्हटलं की कुठेतरी काहीतरी मागवावं लागणार, आणि मागवलं की कोण आधी खाणार हा प्रश्न. तेव्हा आम्ही चाललो. काकांच्या वेळापत्रकात इथे '१३.०५ ते १४.२०, मनसोक्त खाणे' असं लिहिलं होतं.

अडीचला मंडळात पोचलो. साबिनने दारातच वही पुढे केली. नाव, गाव, कुणाची पाहुणी, येण्याची वेळ. मग त्याने कलम अकरा वाचून दाखवलं आणि लाल फरशा बोटाने दाखवल्या. मी मोर्सियाची पिशवी टेबलाच्या टोकाला ठेवली. तळघरात लसणाचा वास भरला होता. लसूण ऑलिव्ह तेलात सोनेरी करून काढलेला, त्या तेलात कॉडचे तुकडे, आणि मातीचं पसरट भांडं दोन्ही हातांनी गोल गोल हलवत राहायचं, म्हणजे माशाचा चीक तेलात उतरतो आणि रस पांढरा, दाट मिळून येतो. सगळी करामत हलवण्यात. विहीणबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी टेबलाखाली हळूच बूट सैल केले. माझा जीव भांड्यात पडला. इथे चोमिन वाढणार, सगळे एकदम खाणार, आणि कुणी आधी खायचं हा प्रश्नच राहणार नाही.

तीन वाजले. रस मिळून येईना.

साडेतीन. तेल वेगळं, चीक वेगळा. चोमिनच्या कपाळावर घाम. रोज डोळे मिटून करणारा माणूस त्या दिवशी भांड्यावरून नजर हलवत नव्हता, कारण त्याला ठाऊक होतं की त्या भांड्यात मासा नसून मुलाचं लग्न आहे. चार मित्र भोवती.

"उलटा हलव!"

"अरे, पाणी घाल चमचाभर."

"पाणी? तुझ्या आईने घातलं होतं का कधी पाणी?"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस, गोत्सोन!"

मला खुर्चीवरून दिसत होतं. आच मोठी होती. तेल तापून माशाच्या अंगावर तडतडत होतं. मी उठले, लाल ओळीपर्यंत गेले आणि म्हणाले, "चोमिन, आच बंद कर."

वरचा पंखा घरघरत होता. कुणी मान वळवली नाही. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात मला याची सवय आहे, पण पाहुण्यांसमोर लागतं मनाला.

"काय म्हणताय?" विहीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, अनवाणी.

"तेल फार तापलंय. खाली उतरवून गार होऊ द्यायला हवं. मग मासे बाजूला काढायचे, आणि तेल थोडं थोडं घालत चाळणीने..."

विहीणबाईंनी छाती भरून श्वास घेतला.

"आच बंद!"

चौघांनी हात पाठीमागे घेतले. गोत्सोनने गॅस बंद केला, पंखा बंद केला आणि घाईत दिवाही बंद केला.

"दिवा लावा! भांडं खाली! मासे ताटलीत काढा! सगळं तेल वाटीत!" मी त्यांच्या कानाशी सांगत होते आणि त्या पुढे पाठवत होत्या. "चोमिन, ढवळू नका! गार होऊ द्या! हात लावायचा नाही कुणी!"

साबिन वही घेऊन आला. "माफ करा, पण महिलांना स्वयंपाकात भाग..."

"आमचे पाय कुठे आहेत?" विहीणबाईंनी विचारलं.

साबिनने वाकून पाहिलं. आमची दहा अन् दहा वीस बोटं लाल फरशीला टेकून होती, पण अलीकडे. "अलीकडे," तो म्हणाला.

"आवाजाचं कलम आहे?"

त्याने पानं चाळली. मागची पानंही चाळली. "नाही."

"मग चालू द्या. चोमिन! आता चमचाभर तेल! चाळणीच्या बुडाने गोल गोल! हळू! हळू म्हणजे हळू!"

सव्वाचारला रस मिळून आला. पांढरा, दाट, चमच्याला धरून राहणारा. चोमिनने भांडं दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणलं तेव्हा त्याचे डोळे ओले होते. लसणामुळे, असं तो म्हणाला. मी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लहान प्रार्थना होती.

मग आम्ही दोघी जेवलो. काय जेवलो ते लिहायला नको. दुसऱ्या ताटाला विहीणबाई पावाने रस पुसत म्हणाल्या, "इत्सिआरबाई, एक विचारू? तुमचा दिवसभराचा उपास ना?"

"माझा? माझा बारापर्यंतच असतो. तुमचा दिवसभराचा."

"माझा कसला! मी ती मोर्सिया आणून बसले, तुम्ही तसं बघितलंत, आणि मला वाटलं आता ही बाई मला काय समजेल. म्हणून नाही म्हणत गेले."

"क्रोकेट गरम होते हो," मी म्हणाले.

"नका आठवण काढू," विहीणबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की साबिनने आवाजाचं कलम नसल्याबद्दल वहीत काहीतरी टिपून घेतलं.

टेबलाच्या टोकाला पिशवी रिकामी होती. रस मिळायची वाट बघता बघता चौघांनी मोर्सिया परतून संपवली होती. शुक्रवारी. गोत्सोन म्हणाला की भूक लागली असताना वार लक्षात राहत नाही. त्याच्यासाठीही माळेचा एक फेरा मी धरला.

चोमिनला वाटलं, हीच वेळ. त्याने चाकोली वाइनचा पेला भरून विहीणबाईंपुढे ठेवला. "मग? बेगोन्याचं ठरलं ना?"

विहीणबाईंनी काटा ताटात ठेवला. "जेवण फार छान झालं. पण लग्न बुर्गोसलाच."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला. चोमिनने तोंड उघडलं, मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. मग पुरुष भांडी घासायला पलीकडे गेले आणि मी विचारलं, "कॅथेड्रलमुळे?"

"कॅथेड्रलचं काय घेऊन बसलात." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लग्नात नवऱ्यामुलाची आई त्याच्या हाताला धरून वेदीपर्यंत जाते, तिथे उभी राहते. तुम्ही. मुलीला तिचे वडील आणतात. ते नाहीत, तर तिचा काका आणेल. आणि मी पहिल्या बाकावर बसेन, छान कपडे घालून. बुर्गोसला लग्न झालं तर निदान घर माझं, दार माझं, लोक माझ्याकडे येणार, सगळ्यांना कुठे बसायचं ते मी सांगणार. इथे मी कोण? पाहुणी." त्यांनी मान वळवून त्या लाल फरशांकडे पाहिलं. "ओळीच्या अलीकडची."

देवाने मला पटकन उत्तर द्यायची बुद्धी दिलेली नाही. मी एवढंच म्हणाले, "बस साडेसातला आहे. माउलीला नुसतं भेटून तरी जा."

"भेटायला माझं काही नाही," विहीणबाई म्हणाल्या.

टेकडीवर लिफ्टने जाऊ, असं चोमिन म्हणाला. "तुम्ही रोज पायऱ्यांनी जाता ना?" विहीणबाईंनी मला विचारलं. हो म्हटल्यावर त्या पायऱ्यांकडे वळल्या. शंभराव्या पायरीवर त्यांनी बूट काढले, चोमिनच्या हातात दिले आणि पायमोज्यांवर चढू लागल्या. उतरणारे लोक आदराने बाजूला होत होते. एका आजीबाईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीला हात लावून कपाळाला लावला. त्यांच्या शेजारून बूट घालून, रोजच्यासारखी, मी चढत होते. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

वर पोचलो तेव्हा सहाला सात मिनिटं होती. चोमिन बूट धरून बाहेर पायरीवर थांबला. आत मागच्या बाकांवर बायका रोझरी म्हणत होत्या. विहीणबाई माउलीसमोर उभ्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येत नाही, मी घड्याळाकडे बघितलं नाही. एकदाच बघितलं. दोनदा. मग बाजूच्या खोलीच्या उघड्या दारातून ऑफिसातल्या बाईंनी मला हाक मारली. विहीणबाई माझ्या मागोमाग आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"लिहून टाकू या पटकन," बाई म्हणाल्या. "नवरामुलगा, एनेको. वधू, लेओनोर. मुलाबरोबर वेदीपर्यंत तुम्ही. आणि वधूला कोण आणणार? वडील?"

मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. तीनशे मुलं आवरणारा तो आवाज आलाच नाही. त्या एकदा खाकरल्या, पर्सचा बंद घट्ट धरला आणि खाली बघू लागल्या.

"वडील नाहीत का? मग काका? मामा?" बाईंनी पेन टेकवून ठेवलं.

"तिची आई!"

हे कोण बोललं ते मलाही क्षणभर कळलं नाही. आवाज वर घुमटाला लागून परत आला तेव्हा तो माझा निघाला. रोझरी थांबली. सगळ्या बायका वळून बघत होत्या, त्यात नेकानेची बहीणही होती, म्हणजे जिन्यात मी पोचायच्या आधी बातमी पोचणार होती. पण आता सुरू केलं होतं, आणि थांबवायचं कसं त्याची मला सवय नव्हती.

"आईने वाढवली, आईच आणेल! हाताला धरून, दारापासून वेदीपर्यंत! आणि वेदीपाशी ती माझ्या शेजारी उभी राहील, बाकावर नाही! तसं लिहा!"

"लिहिते हो," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. "त्यात अडचण काहीच नाही. पुष्कळ मुलींना आई आणते. त्यांचं नाव सांगा."

नाव मला ठाऊक होतं. पण ते मी सांगून चालणार नव्हतं. बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं. मागे कुणीतरी माळ खाली पाडली.

विहीणबाई दारातून दोन पावलं आत आल्या, टेबलाला हात टेकला आणि इतक्या हळू बोलल्या की बाईंना पुढे वाकावं लागलं.

"कासिल्दा रेबोयो," त्या म्हणाल्या. "य ला ओकार."

बाहेर भुरभुर थांबली होती. चोमिन बूट छातीशी धरून पायरीवर उभा होता, चेहरा उतरलेला.

"काय झालं? नाही म्हणाल्या ना? विहीणबाई एवढ्या कुणावर ओरडल्या आत?"

"त्या नाही ओरडल्या," मी म्हणाले. पण नेहमीच्या आवाजात म्हणाले, त्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही.